तासाचा दर मोठा आहे, पण काम टिकवण्याजोगं आहे का?

आपल्या ओळखीतली कितीतरी मुलंमुली आता कंपनीतली पगारी नोकरी सोडून कंत्राटावर काम घेऊ लागली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये हे जास्त दिसतं. कुणी थेट परदेशी ग्राहकासाठी काम करतं, कुणी स्टाफिंग एजन्सीमार्फत एखाद्या बँकेच्या प्रकल्पावर बसतं. मिळणारा आकडा ऐकला की नोकरीवाल्याला आपला पगार लहान वाटायला लागतो.

मीही अडीच वर्षं असंच काम करतो आहे. तासाला १,५०० रुपये. महिन्याचे १६० तास धरले तर २ लाख ४० हजार होतात. आमच्या घरात एका महिन्यात इतका पैसा याआधी कुणी पाहिला नव्हता. या पैशातून बहिणीच्या फार्मसीच्या शिक्षणाची फी गेली आणि अब्बांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यामुळे मी या कामाला नावं ठेवणार नाही. तरी पुढच्या महिन्यात नूतनीकरणाचा कागद येईल तेव्हा त्यावर आहे तशी सही करायची नाही, असं मी ठरवलं आहे. तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. पण ज्या हिशेबाने मी इथवर आलो तो हिशेब प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा, असं मला वाटतं.

आमचं गाव इचलकरंजी. अब्बांचे चार यंत्रमाग होते आणि ते खर्चीवाले होते. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खर्चीवाल्याकडे सूत व्यापाऱ्याचं येतं आणि कापडही व्यापाऱ्याकडेच जातं. माग, शेड, विजेचं बिल, तुटलेला पार्ट, कामगाराची मजुरी हे सगळं मात्र खर्चीवाल्याच्या डोक्यावर. त्याला मोबदला मिळतो तो मीटरवर. लाईट गेली की मीटर थांबतात आणि मीटर थांबले की मजुरी थांबते. बाजारात मंदी आली की सूत आधी बंद होतं तेही त्याचंच.

मी कंत्राटावर गेलो तेव्हा ते काय असतं हे अब्बांना समजावून सांगत होतो. त्यांनी दोन प्रश्न विचारले. लॅपटॉप कुणाचा? माझा. सुट्टीचा पैसा? नाही. ते म्हणाले, “म्हणजे तू खर्चीवालाच की. फक्त एसीत बसतोस.”

हे मी हसण्यावारी नेलं नाही, कारण ते खरं आहे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. मुस्लिमांमध्ये नियमित पगारी नोकरीचं प्रमाण कमी आणि स्वयंरोजगाराचं जास्त आहे, हे त्यात आकडेवारीनिशी मांडलं होतं. माग, गॅरेज, बेकरी, शिलाई, फळांची गाडी, रिक्षा. आपल्या बहुतेक घरांनी महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार असा पाहिलेलाच नाही. म्हणून आपल्याकडे ‘पक्की नोकरी’ या शब्दाला एवढं वजन आहे. रिश्ता ठरवतानाही पहिला प्रश्न तोच येतो. आणि म्हणूनच इंजिनिअर झालेला मुलगा पुन्हा कंत्राटावर जातो तेव्हा घरातल्या मोठ्यांना धास्ती वाटते. ती भाबडी नाही, अनुभवातून आलेली आहे.

पण नुसत्या धास्तीने निर्णय घ्यायचा नसतो, तसा नुसत्या आकड्यानेही नाही. मी तीन खाती मांडली.

पैशाचं खातं

दोन लाख चाळीस हजार गुणिले बारा म्हणजे २८ लाख ८० हजार. कंत्राटावर येणारा प्रत्येकजण हाच गुणाकार करतो आणि तिथेच चुकतो.

वर्षात आठवड्याला पाच या हिशेबाने २६० कामाचे दिवस येतात. त्यातून सणावाराच्या आणि राष्ट्रीय सुट्ट्यांचे १० दिवस काढा. डिसेंबरअखेर ग्राहकाचं ऑफिस बंद असतं, त्याचे १० काढा. आजारपण, लग्नकार्य, गावी जाणं यांचे १२ धरा. एक कंत्राट संपून दुसरं लागेपर्यंत सरासरी महिनाभर तरी जातो, त्याचे २१ काढा. उरले २०७ दिवस. आठ तासांप्रमाणे १,६५६ तास. म्हणजे २४ लाख ८४ हजार.

आता खर्च. आईवडिलांसह घराचा आरोग्य विमा वर्षाला ९० हजार. लॅपटॉप, इंटरनेट, इन्व्हर्टर यांचे ६० हजार. सीए, जीएसटीची विवरणपत्रं वगैरे ३० हजार. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावीच लागते, हे कंत्राटावर येणाऱ्या अनेकांना नोटीस आल्यावर कळतं. हे १ लाख ८० हजार गेले. शिल्लक २३ लाख ४ हजार.

मला एका मध्यम कंपनीची नोकरी देऊ केली आहे. वर्षाला १८ लाख. त्यात मूळ वेतन महिना ८० हजार. त्यावर कंपनीचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी वर्षाला १ लाख १५ हजारांच्या आसपास होतो. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे सुमारे ४६ हजार. दोन्ही मिळून १ लाख ६१ हजार. कंत्राटावर हे कुणी देत नाही, म्हणून तेवढे मलाच बाजूला टाकले पाहिजेत. ते टाकल्यावर माझ्याकडे राहतात २१ लाख ४३ हजार. नोकरीत हाच भाग वजा करून राहतात १६ लाख ३९ हजार. नोकरीत विमा आणि भरपगारी सुट्ट्या त्याशिवाय मिळतात.

पहिल्या नजरेला दिसणारा फरक होता १० लाख ८० हजारांचा. खरा फरक निघाला पाच लाखांचा. आयकराचं गणित प्रत्येकाचं वेगळं असतं, ते आपापल्या सीएकडून तपासून घ्या. पाच लाख ही काही लहान रक्कम नाही. पण मला ती मिळते ती जोखीम उचलण्याची किंमत म्हणून. आजारपणाची, मंदीची, अचानक काम सुटण्याची जी जोखीम एरवी कंपनीने उचलली असती ती मी माझ्या डोक्यावर घेतली आहे. ज्याच्या घरी शेती आहे, दुसरा कमावता आहे, त्याला ही जोखीम स्वस्त पडते. ज्याच्या एकट्याच्या मिळकतीवर सहा माणसं आहेत, त्याला तीच जोखीम महाग पडते. दर दोघांनाही सारखाच मिळतो.

बहिणींसाठी हे गणित आणखी वेगळं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. स्वतःच्या नावाने बिल देणाऱ्या कंत्राटदार स्त्रीला त्यातलं काही मिळत नाही. २६ आठवडे म्हणजे अर्धं वर्ष. लग्नाच्या, मुलांच्या टप्प्यावर असलेल्या मुलीने तासाच्या दराची तुलना करताना हे अर्धं वर्ष मध्ये धरलंच पाहिजे.

अजून एक. घरी कोणता आकडा सांगायचा? माझा सल्ला आहे की २ लाख ४० हजार कधीच सांगू नका. बारा महिन्यांवर पसरलं तर कर भरण्याआधी पावणेदोन लाखांच्या थोडं वर येतं. तोच आकडा खरा. मोठा आकडा घरात गेला की घर त्या मापाने शिवलं जातं. मोठा फ्लॅट, धाकट्याची गाडी, लग्नातला मंडप. नातेवाइकांच्या अपेक्षा आकडा ऐकूनच ठरतात. मग काम कितीही नको झालं तरी सोडता येत नाही. पहिल्या पिढीतले कमावते असलेल्या आपल्यासारख्यांचा पाय इथेच अडकतो.

हाताला काय लागलं

दुसरं खातं कौशल्याचं. कंत्राटावर माणूस कधी घेतात? बहुतेक वेळा एखादं काम कायम माणसांना करायचं नसतं तेव्हा. जुनी प्रणाली बंद करायची आहे, त्यातले अहवाल नव्या प्रणालीत न्यायचे आहेत, रात्री कोसळणारे जॉब सांभाळायचे आहेत. पैसे चांगले मिळतात, कारण ते काम कुणाला नको असतं.

मी अडीच वर्षांत अशा शेकडो अहवालांचं स्थलांतर केलं. काम चोख केलं. पण नवी प्रणाली कशी रचायची हे ज्या बैठकांत ठरतं, त्यांना मला बोलावणं नसतं. प्रशिक्षणाचा मेल येतो, त्याखाली लिहिलेलं असतं, फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी. रचनेच्या कागदावर माझं नाव नसतं. पुढच्या मुलाखतीत कुणी विचारलं की तुम्ही काय उभं केलंत, तर सांगायला माझ्याकडे काय आहे? मी काय हलवलं हे सांगता येतं, काय बांधलं हे सांगता येत नाही.

हे लक्षात येत नाही, कारण बँकेतला आकडा दर महिन्याला वाढत असतो आणि बाजारातली आपली किंमत कुठे छापून येत नाही. तपासायची एक सोपी रीत आहे. दर सहा महिन्यांनी दोन मुलाखती द्या, काम बदलायचं नसलं तरी. मी गेल्या वर्षी तीन दिल्या. दोन ठिकाणी दुसऱ्या फेरीत नाव कटलं. तिसरीतून वर सांगितलेली १८ लाखांची नोकरी पुढे आली. आता तर सरधोपट कोड लिहून देणारी एआयची साधनं आली आहेत. स्थलांतराच्या ज्या कामाला काल मोठा दर मिळत होता, ते उद्याही तेवढ्याच दराने मिळेल असं मला वाटत नाही.

नाही म्हणण्याची ताकद

तिसरं खातं कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मध्यंतरी चाचणीच्या सर्व्हरवर मला ग्राहकांची खरी नावं आणि मोबाईल नंबर दिसले. चाचणीसाठी अशी माहिती झाकून ठेवायची असते. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. मी लेखी कळवलं. उत्तर आलं, तुमच्याकडे दिलेली तिकिटं बंद करण्याकडे लक्ष द्या. पुढचं नूतनीकरण सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचं आलं. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही. पण माझ्या कागदावर असं लिहिलं आहे की त्यांना मला सात दिवसांत काढता येतं आणि मला सोडायचं असेल तर तीस दिवस आधी सांगावं लागतं. असा कागद खिशात असताना माणूस पुढच्या वेळी बोलण्याआधी दोनदा विचार करतो. मेहनतीची कमाई हलाल असावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. चुकीचं दिसल्यावर बोलता येणं हाही त्याचाच भाग आहे, असं मी मानतो.

आणि हे फक्त आपल्याच बाबतीत घडतं असं नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीत १९८० च्या दशकात वर्षानुवर्षं ‘फ्रीलान्सर’ म्हणून राबवलेली माणसं प्रत्यक्षात कर्मचारीच आहेत, असा निष्कर्ष अमेरिकेच्या कर खात्याने काढला. १९९२ मध्ये त्या लोकांनी दावा लावला. कायम कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळणारे शेअर त्यांना नाकारले गेले होते. त्यांच्या ओळखपत्राचा रंगही वेगळा होता. २००० च्या डिसेंबरमध्ये ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. पण कथा तेवढीच नाही. एजन्सीमार्फत आलेल्या माणसाने ठरावीक मुदत काम केलं की त्याला काही काळ सक्तीने बाहेर बसवायचं, असा नियम कंपनीने दावा चालू असतानाच केला होता. हक्क मागणाऱ्यांच्या वाट्याला पैसे आले आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या वाट्याला खंड आला. म्हणून कोर्ट कधीतरी न्याय देईल या भरवशावर कुणी कंत्राट घेऊ नये. आपली ताकद आपणच आधी जमवायला हवी.

अब्बांचा यावर एक नियम होता. चारही मागांवर एकाच व्यापाऱ्याचं सूत चढवायचं नाही. तीन मागांवर मोठ्या व्यापाऱ्याचं, चौथ्यावर दुसऱ्याचं, मग त्याची मजुरी थोडी कमी का असेना. आणि घरात तीन महिन्यांचं धान्य आणि विजेच्या बिलाचे पैसे असल्याशिवाय दराची बोलणी करायला जायचं नाही. ते म्हणायचे, ज्याला माग बंद ठेवता येतो त्यालाच मजुरी ठरवता येते.

हा नियम मी माझ्या कामाला लावला. आमच्या घराचा महिन्याचा खर्च ७५ हजार. सहा महिन्यांचे साडेचार लाख मी वेगळ्या खात्यात जमवले आहेत. चांद्र वर्षभर ते तसेच राहिले तर त्यावर अडीच टक्के जकात निघते, ११ हजार २५० रुपये. ते मी खर्चातच धरले आहेत. ही रक्कम पूर्ण झाली त्या दिवसापासून हे काम टिकवायचं का, हा प्रश्न मी मोकळेपणाने स्वतःला विचारू शकलो. त्याआधी विचारण्यात अर्थ नव्हता. तोवर उत्तर एकच होतं.

मी काय ठरवलं

नूतनीकरणाच्या बोलणीत मी दोन अटी मांडल्या आहेत. आठवड्याला चार दिवस काम, आणि नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच, तीस दिवसांची. चार दिवस म्हणजे पैसे वीस टक्के कमी. वरचाच हिशेब पुन्हा केला तर सगळं वजा जाता हातात १६ लाख ४६ हजार राहतात. त्या पक्क्या नोकरीत राहणारेही जवळपास तेवढेच. म्हणजे चौथ्या मागासाठी पाचवा दिवस माझा मोकळा राहतो. त्या दिवशी दुसऱ्या लहान ग्राहकाचं काम करायचं किंवा नवीन शिकायचं. अटी मान्य झाल्या तर मी राहीन. नाही झाल्या तर १८ लाखांची नोकरी घेईन, कारण तिथे पेमेंटची नवी प्रणाली पायापासून उभी करायची आहे आणि पहिल्या बैठकीपासून मी त्यात असणार आहे. नोकरीत गेल्यावर सुरक्षित झालो असं मी समजणार नाही. २०२२-२३ मध्ये जगभरच्या बड्या कंपन्यांनी कायम माणसांनाही एका मेलवर घरी पाठवलं. साडेचार लाखांचं ते खातं तेव्हाही तसंच ठेवावं लागेल.

काही मित्र म्हणतात, पाच लाख सोडतोस, वेडा आहेस. त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. ज्याच्यावर आज कर्ज आहे, ज्याच्या घरी उपचार चालू आहेत, त्याने मोठा दर घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याने एक तारीख ठरवून घ्यावी. अमुक रक्कम फिटेपर्यंत किंवा जमेपर्यंत, त्यानंतर पुन्हा विचार. तारखेशिवाय घेतलेलं कंत्राट सवयीत जातं. आणि सवय लागली की मग दर त्यांनी ठरवायचा आणि आपण होय म्हणायचं, एवढंच उरतं.

नव्याने कंत्राट घेणाऱ्यांनी सहीआधी एवढं तरी विचारावं. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का? बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे येतील? उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि सेवा देणारा एकटा माणूसही ही नोंदणी करू शकतो. ग्राहक आणि तुमच्या मध्ये किती एजन्सी आहेत? प्रत्येक मधला माणूस तुमच्याच दरातून खातो. काम नेमकं काय आहे, बांधायचं आहे की फक्त हलवायचं आहे? आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा. हे काम उद्या बंद झालं तर घर किती महिने चालेल?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एक किंवा दोन महिने असेल, तर कितीही मोठ्या दराचं काम असलं तरी ते तुम्ही टिकवलेलं नाही, त्याने तुम्हाला धरून ठेवलं आहे. उत्तर सहा महिने असेल तर बसा, चहा घ्या आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात करा.